इंग्रजी स्लँगला आधी गाव विचारा

आमच्याकडं सांगली-साताऱ्यात नवीन माणूस भेटला की नाव नंतर, आधी गाव विचारतात. गाव कंचं? मग तालुका कुठला, मग कुणाच्यातले, मग तिथले अमुक तमुक तुमचे कोण लागतात, आणि एवढी सगळी उलटतपासणी झाल्यावर कुठंतरी शेवटी नाव. पुण्या-मुंबईच्या लोकांना हा चोंबडेपणा वाटतो, वाटू दे, पण गाव कळलं की समोरच्याचं बोलणं कसं घ्यायचं ते कळतं हे मात्र खरं. माणदेशातला माणूस 'जरा लांब हाय' म्हणाला तर गाडीत पेट्रोल टाकून निघावं, आणि कोल्हापूरचा 'या की जेवायला' म्हणाला तर खरंच जेवायला जावं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे इन्स्टावरची ती रील्स. 'नेटिव्ह स्पीकरसारखं बोला', 'हे दहा स्लँग पाठ करा' वगैरे, स्लँग म्हणजे पुस्तकाबाहेरचे, रोजच्या बोलण्यातले शब्द. दहा शब्द सांगतात, प्रत्येकाचा एकेक अर्थ सांगतात, आणि कुठल्या गावचा ते काही सांगत नाहीत. म्हणजे उद्या कुणी परदेशी माणसाला 'मराठी स्लँग' म्हणून नागपूरचं 'काहून बे', मालवणातलं 'खंय' आणि आमचं 'काय लगा' एकाच यादीत घालून दिलं, आणि तो बिचारा तिन्ही एका वाक्यात वापरायला लागला, तर कसं वाटेल? तसंच चाललंय ते.

माझा आणि इंग्रजीचा संबंध कामापुरता. माहेर कोरेगाव तालुक्यातलं, सासर सांगली, विश्रामबागला राहते, आणि घरी बसून ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या एका फर्मसाठी तिकडच्या छोट्या धंदेवाल्यांचे हिशोब लिहिते. पर्थ आपल्या अडीच तास पुढं, त्यामुळं त्यांचं ऑफिस नऊला उघडलं की आमच्याकडं साडेसहा वाजलेले असतात, दूध यायच्या टायमाला माझी पहिली मेल आलेली असते. आणि त्या मेलमधलं इंग्रजी शाळेत शिकलेलं नसतं हो!

ऑस्ट्रेलियन माणूस शब्द पुरा म्हणायचा कंटाळा करतो. आफ्टरनूनचं 'आर्वो', ब्रेकफास्टचं 'ब्रेकी', सर्व्हिस स्टेशनचं म्हणजे पेट्रोल पंपाचं 'सर्व्हो', गाडीच्या रजिस्ट्रेशनचं 'रेजो', दारूच्या दुकानाचं 'बॉटल-ओ', मॉस्किटोचं 'मोझी'. कारागीर माणूस 'ट्रेडी', त्यातला इलेक्ट्रिशियन 'स्पार्की', गवंडी 'ब्रिकी', सुतार 'चिपी'. कामावरची चहाची सुट्टी 'स्मोको'. हे सगळं माझ्या रोजच्या बिलांवर असतं, 'सर्व्हो, युट, ८० डॉलर' असं लिहिलेलं असलं की समजायचं पिकअप गाडीत तेल टाकलंय (युट म्हणजे आपल्या बोलेरो पिकअपच्या जातीतली गाडी). आणि 'धिस आर्वो पाठव' म्हणजे आपल्याकडं सकाळचे साडेअकरा वाजायच्या आत, कारण तेव्हा तिकडं दुपारचे दोन झालेले असतात. आता यातला 'चिपी' घ्या. तोच शब्द इंग्लंडमध्ये गेला की सुतारही होतो आणि तळलेले मासे अन बटाट्याचे चिप्स विकणारं दुकानही होतो, बऱ्याचदा दुकानच. तिकडं कुणी 'चिपीकडं जाऊन येतो' म्हणाला तर तो दार बसवून घ्यायला चाललेला नसतो, त्याला भूक लागलेली असते.

पण माझा सगळ्यात आवडता शब्द म्हणजे 'मँचेस्टर'. तसं हे स्लँग नाही, दुकानात पाटीवर लिहिलेला रीतसर शब्द आहे, पण विषय निघालाच आहे तर सांगते. एका होमस्टेवालीच्या पावत्यांमध्ये एक रक्कम होती, पुढं नुसतं मँचेस्टर. प्रवास खर्चात टाकावं तर विमानाच्या मानानं रक्कम फारच कमी. विचारलं तर कळलं की ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल या सगळ्याला मिळून मँचेस्टर म्हणतात, कारण एकेकाळी हा सुती माल तिकडून बोटीनं यायचा. माल बंद झाला, नाव राहिलं. मी हे घरी सांगितल्यावर सासरे म्हणाले, मग आपण इचलकरंजी म्हणायचं काय? बरोबरच आहे की, इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतातच. आणि खरं म्हणजे आपण तेच करतो, 'ती सोलापुरी दे गं अंगावर घ्यायला' म्हणतो तेव्हा चादर हा शब्द कुणी उच्चारत नाही, 'कोल्हापुरी तुटली' म्हणतो तेव्हा चप्पल म्हणायची गरज पडत नाही.

चपलेवरून आठवलं, ऑस्ट्रेलियात 'थाँग्ज' म्हणजे साधी अंगठ्याची रबरी चप्पल, आपली स्लीपर. न्यूझीलंडमध्ये तिलाच 'जँडल' म्हणतात. आणि इंग्लंड-अमेरिकेत थाँग म्हणजे अगदीच तोकडी चड्डी. त्यामुळं ऑस्ट्रेलियन माणूस 'थाँग्ज घालून बीचवर गेलो' म्हणतो तेव्हा ऐकणारा अमेरिकन असला तर तो जरा गप्प होतो. याच जातीतला दुसरा शब्द 'रूट'. अमेरिकेत एखाद्या टीमला रूट करणं म्हणजे पाठिंबा देणं, मॅच बघताना ओरडणं. ऑस्ट्रेलियात त्याचा अर्थ मी इथं लिहिणार नाही, माझे सासरे हा ब्लॉग वाचतात.

एक वाक्य मात्र मला फार आवडतं. 'फ्लॅट आउट लाइक अ लिझर्ड ड्रिंकिंग'. फ्लॅट आउट म्हणजे जाम कामात, श्वास घ्यायला फुरसत नाही. आणि सरडा पाणी पिताना काय करतो, तर जमिनीला पोट टेकून सपाट पडतो. म्हणजे दोन्ही फ्लॅट, एक पळतोय आणि एक पडलाय. जूनमध्ये तिकडचं आर्थिक वर्ष संपतं तेव्हा आमच्या साहेबांच्या प्रत्येक मेलमध्ये हा सरडा असतो. एरवी त्यांचं ठरलेलं उत्तर 'शी'ल बी राइट', काहीही बिघडलं तरी तेच. हे मला शिकवावं लागलं नाही, आमच्याकडं गवंड्यापासून पार मंडपवाल्यापर्यंत सगळे हेच म्हणतात, 'होतंय की ओ, काय टेन्शन घेताय'. 

आणि त्यांचं ते 'येह नाह' आणि 'नाह येह'. यातला शेवटचा शब्द खरा. येह नाह म्हणजे नाही, नाह येह म्हणजे हो. मला आधी हे वेडेपणाचं वाटलं, मग एके दिवशी भाजीवालीशी बोलताना लक्षात आलं की आपण 'हो ना' म्हणतो तेव्हा हो असतं आणि 'नाही हो' म्हणतो तेव्हा नाही असतं. फक्त आपला पहिला शब्द धरायचा, त्यांचा शेवटचा.

आमच्या टीममध्ये एक बाई मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या आहेत, पर्थमध्ये तिकडून येऊन राहिलेले लोक पुष्कळ. त्यांनी एकदा लिहिलं, 'आय'ल सेंड इट जस्ट नाऊ'. शाळेतल्या इंग्रजीप्रमाणं जस्ट नाऊ म्हणजे आत्ता, या क्षणी, नाहीतर नुकतंच. मी फाईल उघडून बसले, ती आली दुपारी. दक्षिण आफ्रिकेत 'जस्ट नाऊ' म्हणजे नंतर कधीतरी, आणि 'नाऊ नाऊ' म्हणजे थोड्या वेळात. म्हणजे एक नाऊ जास्त लावला की काम लवकर होतं. हे आलंय आफ्रिकान्स भाषेतून, त्यात 'नेटनाऊ' आणि 'नाऊनाऊ' असे दोन वेगळे शब्द आहेत त्यांचंच हे इंग्रजी झालं. मला याचा राग नाही आला कारण माझा सख्खा भाऊ 'निघालोय, पोचलोच' असं फोनवर सांगतो तेव्हा मागं बाथरूममधल्या बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत असतो. त्याच बाई ट्रॅफिक सिग्नलला 'रोबोट' म्हणतात, रोबोटपाशी डावीकडं वळ. तिकडं सगळेच म्हणतात.

आता आयर्लंड. माझी धाकटी मावसबहीण मिरजेत नर्सिंग शिकली आणि डब्लिनला हॉस्पिटलमध्ये लागली. आयईएल्टीएसला चांगले बँड, इंग्रजी एकदम फाडफाड. गेल्यावर पहिल्याच आठवड्यात फोन, ताई, हे लोक इंग्रजी बोलत नाहीत गं. काय झालं तर वॉर्डातल्या सीनियर नर्सनं सांगितलं, 'हॉट प्रेस'मधून चादरी आण. ही इस्त्री शोधत हिंडतेय. आयर्लंडमध्ये प्रेस म्हणजे कपाट, आणि हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीशेजारचं कपाट, त्या ओल्या थंड हवेत चादरी-टॉवेल त्यातच ठेवतात म्हणजे कोरडे राहतात. नंतर दुसरी नर्स म्हणाली की सिस्टर तुला 'गिव्हिंग आउट' करत होती. हिला वाटलं सिस्टर काहीतरी वाटतेय, दिवाळीचं वगैरे. गिव्हिंग आउट म्हणजे रागावणं, झापणं. आयरिश भाषेतला जसाच्या तसा शब्दप्रयोग त्यांनी इंग्रजीत आणलाय, म्हणून इंग्रजांनाही तो पटकन कळत नाही.

सगळ्यात अवघड काय असेल तर 'ग्रँड'. आपल्याकडं ग्रँड म्हणजे विश्रामबागेत नवीन साडीचं दुकान उघडलं की फ्लेक्सवर असतं ते, ग्रँड ओपनिंग. आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे ठीक, चाललंय, राहू दे. हिच्या वॉर्डात एक म्हाताऱ्या आजी होत्या, ऑपरेशन झालेलं, दुखतंय का विचारलं की 'आय'म ग्रँड, लव्ह'. तोंडानं ग्रँड, आणि हातानं पलंगाची लोखंडी कड अशी धरलेली की बोटांची पेरं पांढरी पडलेली. ही म्हणाली, ताई, मला तेव्हा आपली आजी आठवली, 'मला काय धाड भरलीय' म्हणायची तशी. मग हिनं त्या आजींना दुखतंय का विचारायचं सोडूनच दिलं, एक ते दहामध्ये किती दुखतंय सांगा म्हणायची, तर आजी म्हणायच्या आठ.

आणि 'आय विल, येह'. डब्लिनकर हे जरा हेल काढून म्हणाला तर त्याचा अर्थ अजिबात करणार नाही. लिहिलेलं वाचलं तर 'हो, करतो'. ऐकलं तर 'करतो की!' हे आपल्या लोकांना सांगायला नकोच, साताऱ्याकडं एखाद्याला म्हणा जरा माझ्या शेताचं पण पाणी बघ, आणि तो 'व्हय, बघतो की' म्हणाला, तर त्या 'की'ला किती ओढलंय त्यावर सगळं ठरतं. रील्समध्ये हे कसं सांगणार, हेल कुठं लिहिता येतो?

इंग्लंडमध्ये भाचा आहे, नॉटिंगहॅमला शिकायला. त्याला बसचा ड्रायव्हर 'डक' म्हणाला. चांगला पन्नाशीचा मिशीवाला ड्रायव्हर, आणि 'थँक्यू' म्हटल्यावर 'टा, डक' म्हणतोय. नॉटिंगहॅम, डर्बी, स्टोक या पट्ट्यात बाई असो की पुरुष, सगळ्यांना प्रेमानं बदक म्हणतात. न्यूकॅसलकडं गेलात तर 'पेट' म्हणतील. लंडनमध्ये कुणी बदक म्हणणार नाही. नॉटिंगहॅमलाच त्याला कँटीनमध्ये 'चिप कॉब' दिसला, हा खूश, मक्याचं कणीस मिळतंय म्हणून. कॉब म्हणजे तिकडचा गोल पाव, त्यात चिप्स भरलेले. आणि हा एवढासा पाव, त्याला मँचेस्टरकडं 'बार्म' म्हणतात, कॉव्हेंट्रीला 'बॅच', ईशान्येकडं त्यातल्याच एका मोठ्या चपट्या पावाला 'स्टॉटी', आणखी कुठं 'बॅप', आणि प्रत्येकाला आपलाच शब्द बरोबर वाटतो, दुसऱ्याचा ऐकला की चिडतात. यावर आपण हसायचं कारण नाही, विदर्भात पेरूला जाम म्हणतात हे कळल्यावर आमच्या कॉलेजच्या होस्टेलवर दोन दिवस वाद चाललेला.

लंडनच्या ईस्ट एंडचं कॉक्नी स्लँग हा तर वेगळाच प्रकार. चीपसाइडच्या सेंट मेरी-ल-बो चर्चची घंटा ऐकू येईल एवढ्या अंतरात जो जन्मला तो खरा कॉक्नी, अशी जुनी व्याख्या आहे. यांनी काय केलं, शब्दाला यमक जुळवलं आणि मग यमकाचाच शब्द उडवून टाकला. बघणं म्हणजे 'लुक', त्याला यमक 'बुचर्स हुक', म्हणजे खाटकाचा आकडा. मग हुक गेला आणि राहिलं 'हॅव अ बुचर्स', म्हणजे जरा बघ. डोकं म्हणजे 'हेड', यमक 'लोफ ऑफ ब्रेड', मग ब्रेड गेला, 'यूज युअर लोफ' म्हणजे डोकं वापर. खोटं बोलणं म्हणजे 'लाइज', यमक 'पोर्क पाइज', त्याचं झालं 'पोर्कीज'. आणि आपल्या कामाचा म्हणजे 'रुबी'. 'चला रुबी खायला जाऊ' म्हणजे करी खायला, कारण रुबी मरे नावाची बेलफास्टची एक गायिका १९५०च्या दशकात फार गाजली आणि तिचं आडनाव करीशी जुळलं. त्या बाईंचा आणि करीचा दुसरा काही संबंध नाही. एकोणिसाव्या शतकात ईस्ट एंडच्या रस्त्यावरच्या विक्रेत्यांमध्ये हे यमकाचं स्लँग वाढलं, गिऱ्हाइकाला आणि पोलिसाला कळू नये म्हणून, असं सांगतात. मला पटतं, आमच्याकडं बैलबाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरतो तो काय उगीच? आणि लहानपणी आम्ही पोरी मोठ्यांना कळू नये म्हणून 'च'ची भाषा बोलायचो, मलाचं चलाम, त्यातही अर्धा शब्द उलटा फिरवलेलाच असतो.

'बॉब्ज युअर अंकल' हे एक रीलवाल्यांचं लाडकं. अर्थ सोपा, हे कर, ते कर, की झालंच काम. त्याची एक गोष्ट सांगतात. १८८७ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनी आपला भाचा आर्थर बॅल्फोर याला आयर्लंडचं मोठं पद दिलं, सॉल्झबरींचं पाळण्यातलं नाव रॉबर्ट, म्हणजे बॉब, मग काय, बॉब तुझा मामा असला की झालंच. सांगली-साताऱ्यात ही गोष्ट कुणालाही एका सेकंदात पटेल, साखर कारखान्याचा चेअरमन ज्याचा मामा त्याला नोकरीचा अर्ज टाईप करावा लागत नाही. पण भाषेच्या अभ्यासकांना पटत नाही, कारण हा वाक्प्रचार छापलेला सापडतो तो पार १९२०च्या दशकात. भाच्याला पद मिळाल्यावर पस्तीस-चाळीस वर्षं लोक गप्प बसले आणि मग एकदम बोलायला लागले असं कसं होईल. गोष्ट छान आहे म्हणून खरी असते असं नाही. स्लँगच्या उगमाच्या बहुतेक गोष्टी अशाच, कुणीतरी नंतर बसून जुळवलेल्या.

इंग्रजांचं कमी करून सांगणं हा मात्र गमतीचा भाग नाही. इंग्लंडमध्ये 'क्वाइट गुड' म्हणजे बरं आहे, ठीकठाक. अमेरिकेत 'क्वाइट गुड' म्हणजे चांगलंच चांगलं. १९५१च्या एप्रिलमध्ये कोरियाच्या युद्धात इमजिन नदीवर ब्रिटिशांच्या ग्लॉस्टरशायर रेजिमेंटच्या बटालियनला चिनी फौजेनं घेरलं. ब्रिगेडियर ब्रॉडींनी अमेरिकन वरिष्ठाला कळवलं की इथं जरा 'स्टिकी' झालंय. इंग्रज अधिकाऱ्याच्या तोंडी जरा स्टिकी म्हणजे आता काही खरं नाही. अमेरिकनाच्या कानाला ते थोडी अडचण आहे पण निभतंय असं लागलं, आणि पोरं तिथंच अडकली, असं सांगितलं जातं. त्या बटालियनमधले फार थोडे परत आपल्या ओळीत पोचले, बाकीचे मेले नाहीतर कैद झाले. आमच्या वडिलांना फोनवर पाऊस झाला का विचारलं आणि ते 'झालाय जरा' म्हणाले तर मला कळतं की ओढ्याला पाणी आलंय. पण मला कळतं, पर्थच्या साहेबांना नाही कळणार. चर्चिलनंही दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणींत लिहून ठेवलंय की एका बैठकीत 'टेबल' या शब्दावरून इंग्रज आणि अमेरिकन बराच वेळ भांडले, इंग्रजांना विषय टेबल करायचा म्हणजे लगेच चर्चेला घ्यायचा होता, अमेरिकनांच्या भाषेत टेबल करणं म्हणजे बाजूला ठेवणं. गंमत म्हणजे दोघांनाही तो विषय लगेच घ्यायचा होता.

फौजेवरून आठवलं. साताऱ्याजवळ अपशिंगे आहे, मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखतात, तिथं घराघरातून माणूस फौजेत. फौजेत भाषेची अदलाबदल कायमचीच. इंग्रजांच्या 'रिक्रूट'चं आपण 'रंगरूट' केलं, आणि आपल्या 'विलायती'चं त्यांनी 'ब्लायटी' केलं, म्हणजे घर, इंग्लंड. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सोल्जरांची इच्छा असायची की आपल्याला 'ब्लायटी' लागावी, म्हणजे जीव जाणार नाही पण घरी पाठवतील एवढीच जखम. बघणं म्हणजे 'डेको', ते आपलं देखो. तुरुंग म्हणजे 'चोकी', ती आपली चौकी.

आणि यातला आपल्या मातीतला शब्द म्हणजे 'डूलॅली'. इंग्लंडमध्ये आजही एखाद्याचं डोकं फिरलं की 'ही'ज गॉन डूलॅली' म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत नसतं की हे नाशिकजवळचं देवळाली आहे. १८६१ पासून तिथं ब्रिटिश फौजेचा कँप होता. ज्यांची नोकरी संपली त्या सोल्जरांना तिथं आणून ठेवायचे, मुंबईहून बोट मिळेपर्यंत. बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच. म्हणजे ज्याची मुदत एप्रिलमध्ये संपली तो उन्हाळा, पावसाळा सगळा तिथंच काढणार. काम नाही, कवायत नाही, हातात पगार, डोक्यावर ऊन, आजूबाजूला दारू आणि मलेरिया. डोकी फिरायची. त्याला म्हणायला लागले 'डूलॅली टॅप'. हा टॅप म्हणजे नळ नव्हे, ताप. देवळालीचा ताप! पुढं ताप गळाला आणि देवळाली राहिली. भाच्याला हे सांगितलं तर त्यानं नॉटिंगहॅममधल्या रूममेटला सांगितलं, आणि रूममेटला वाटलं हा थापा मारतोय, शेवटी मोबाईलवर नकाशा उघडून स्टेशन दाखवावं लागलं.

अमेरिकेबद्दल मला फार माहिती नाही, तिकडचे क्लाएंट नाहीत. दक्षिणेकडच्या राज्यांत एखादी बाई गोड आवाजात 'ब्लेस युअर हार्ट' म्हणाली तर लगेच खूश व्हायचं नाही, कधी ती खरंच कळवळ्यानं म्हणते आणि कधी त्याचा अर्थ 'काय बाई गुणाची!' असा असतो. बोस्टनकडं 'विकेड' म्हणजे दुष्ट नाही, लई. फिलाडेल्फियात 'जॉन' म्हणून एक शब्द आहे तो कुठल्याही वस्तूला चालतो. आणि शाळेतल्या पोरांना तिकडं पाठवणाऱ्यांनी एवढं सांगून पाठवावं की खोडरबर मागताना 'रबर' म्हणू नको, तिकडं त्याचा अर्थ निरोध, वर्गात हशा होईल. तसंच 'पिस्ड'. अमेरिकेत तो माणूस चिडलेला असतो, इंग्लंडात प्यालेला.

भाचा मला विचारत होता की मी पण बोलायला सुरुवात करू का असं, डक वगैरे. मी म्हटलं अजिबात नको. पुण्याचा पोरगा आमच्याकडं येऊन 'नाद खुळा' म्हणतो तेव्हा कसं वाटतं? ऐकून घे, कळू दे, चार वर्षं राहिलास तर आपोआप तोंडात बसेल.

आणि दरवेळी आपणच का शिकायचं हाही प्रश्न आहे. आपल्या इंग्रजीलाही गाव आहेच की. आपण 'पास आउट' झालो म्हणतो, तिकडं त्याचा अर्थ चक्कर येऊन पडलो. माझ्या बायोडेटामध्ये मी कॉलेजातून अमुक साली पास आउट झाले असं आहे, साहेबांनी मुलाखतीत काही विचारलं नाही, नंतर एकदा हसत म्हणाले की मला वाटलं उन्हाळा फार असेल तुमच्याकडं. 'आउट ऑफ स्टेशन' म्हटलं की ते रेल्वे स्टेशन शोधतात. 'डू द नीडफुल' त्यांना इतकं आवडलं की आता ऑफिसच्या ग्रुपवर तेच सगळ्यांना टाकतात. 'चड्डी'सुद्धा गेली तिकडं, ब्रिटनमधल्या आपल्या लोकांनी टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातून ती घराघरात नेली आणि २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत 'चडीज' म्हणून तिची रीतसर नोंद झाली. 'प्रिपोन' तर आधीपासूनच आहे तिथं. पोस्टपोनच्या उलट प्रिपोन, याच्याइतका सरळ शब्द इंग्रजांना का सुचला नाही कळत नाही, ते बिचारे 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणतात.

साहेबांना मी हा शब्द दिला आणि त्यांना तो फारच पटला. परवा मेल आली, शुक्रवारचा सकाळचा कॉल आपण 'प्रिपोन' करू, 'टू थर्सडे आर्वो'. मग नाह येह, येह नाह करत शेवटी मीच फोन लावला आणि विचारलं, नक्की कुणाच्या साडेअकराला?